अनवाणी हिरोचे जोडे

आमच्या घरी रविवार मंगळवारी यायचा. बाबा भिलईच्या स्टील प्लँटमध्ये शिफ्ट ड्युटीवर होते आणि त्यांचा वीकली ऑफ मंगळवारी असायचा. म्हणून मटण मंगळवारी, दुर्गच्या बाजाराची फेरी मंगळवारी, आणि आईचं डोक्यावरून नहाणंसुद्धा मंगळवारीच. प्लँटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमध्ये, यात कुणाला वावगं वाटत नसे. शेजारच्यांचा रविवार गुरुवारी होता, मागच्या ओळीतल्या एका घराचा शनिवारी. कॅलेंडरातला रविवार शाळेपुरता. त्या दिवशी घरी वरणभात मिळायचा आणि बाबा नसायचे.

मंगळवारचं आणखी एक महत्त्व होतं, ते सगळ्या सेक्टरच्या पोरांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी नवी कॉमिक्स भाड्याने मिळायची.

मार्केटमध्ये पिठाच्या गिरणीला लागून एक टपरी होती. आत दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर कॉमिक्स वाळत घातलेली. टपरीवाले काका आमच्याच गावाकडचे, भंडाऱ्याकडचे. बाबा आणि ते एकाच वर्षी, एकाच गाडीने काम शोधायला इकडे आले होते. काका लंगडत चालायचे, कारण त्यांचा डावा पाय पुढून अर्धाच होता, बोटं नव्हतीच. आम्ही पोरं विचारायचो तेव्हा ते प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचे. मला त्यांनी शिवनाथ नदीतल्या मगरीचं सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीला सांगितलं की बायकोनं रागाच्या भरात भाजीत टाकला. आम्हाला दोन्ही खरं वाटायचं.

काका दर सोमवारी दुर्गहून नवे अंक आणायचे, पण सोमवारी द्यायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "कव्हर चढवून राहिलो ना बापा." आणि खरंच, मंगळवारी संध्याकाळी अंक बाहेर यायचा तेव्हा त्याचं मूळ मुखपृष्ठ खाकी कागदाखाली गेलेलं असायचं, मागेपुढे जाड पुठ्ठा शिवलेला असायचा. हे अंक शंभर हातांतून जायचे, तेव्हा तेवढी तजवीज हवीच. गिरणीपुढे आम्ही चारपासून उभे राहायचो. आत पीठ उडत असायचं आणि आमच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या.

वाट ज्याची पाहायचो तो हिरो मी इथे नावानिशी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही फोनवर शोधायला बसाल आणि मला काय म्हणायचंय ते राहून जाईल. एवढं पुरे, की तो दिवसा रेल्वेत गँगमन होता. रुळांवर हातोडी मारत फिरायचा. संकट आलं की अंगावर निळा वेष. त्याची शक्ती पायात होती. जमिनीत कुठेही हालचाल झाली की त्याला तळव्यातून कळायचं, आणि मग तो म्हणायचा, "धरती की धड़कन मेरे तलवों में है!" हे वाक्य आमच्या सेक्टरमध्ये इतकं बोललं गेलंय की हेडसरांनी एकदा प्रार्थनेच्या वेळी त्यावर बंदी आणली होती.

आणि त्याच्या पायात जोडे होते. काळे, घोट्यापर्यंतचे, पुढून गोल फुगलेले. थेट आमच्या बापांच्या पायात असायचे तसे सेफ्टी शूज. फितीसुद्धा नीट काढलेल्या, दोन गाठी मारलेल्या. बाबाही दोन गाठी मारायचे. सैल फीत मशीन ओढते आणि मग फितीमागे पाय जातो, असं ते दर सकाळी आम्हाला ऐकवायचे, जणू आम्हीही ड्युटीवर निघालो होतो. इतर गावांच्या पोरांचे हिरो आकाशातून यायचे. आमचा आमच्याच दाराबाहेरचे जोडे घालून यायचा, याचा आम्हाला भारी अभिमान होता.

तेव्हा एक शंका मात्र यायची. तळव्यातून धडकन कळते, तर जोड्यातून कशी कळते? त्यावर आमच्यात जोरदार वाद झाले. कुणी म्हणे, सोल खास धातूचा आहे. कुणी म्हणे, आतून भोक आहे. मी एका मंगळवारी बाबांनाच विचारलं. बाबा खाटेवर पडून होते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "सोल पातळ असन त्याचा." मी हे उत्तर बाहेर जाऊन जाहीर केलं आणि वाद मिटला. प्लँटचा माणूस सांगतो म्हटल्यावर काय बोलणार.

जोड्यांवरून आठवलं. बाबांना दर वर्षी नवा जोड मिळायचा आणि जुना गावी जायचा. सगळ्या सेक्टरचे जुने जोड आपापल्या गावी जायचे. आमच्या गावात धानाच्या बांधीत माझे चुलते-मामा भिलईचे जोडे घालून चिखल तुडवायचे, आणि लग्नात तेच पुसून घालायचे. एका लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या पायातही तेच आहेत. आई अजून तो फोटो पाहून म्हणते, "नवरी पाहू का जोडे पाहू."

मोठी झाले, गणित शिकले, नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले. बाबा रिटायर झाले, त्यांनी नेहरू नगरातच लहानसं घर बांधलं आणि आम्ही तिथे राहायला गेलो. टपरी कधीच उठली होती. काका मुलाकडे दुर्गला राहायला गेले. सेक्टरची पोरं जगभर पांगली, पण फोनवर आमचा एक ग्रुप होता आणि त्यात एकच विषय कधी जुना झाला नाही, तो म्हणजे आमच्या हिरोवरचा सिनेमा. तो निघणार अशी बातमी यायची, बंद पडायची, पुन्हा यायची. हिरोचं काम कोण करणार यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मी स्वतः, चाळिशी ओलांडलेली बाई, क्लासमध्ये पोरांना 'फोन बाजूला ठेवा' म्हणून ओरडायची आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून तोच विषय वाचायची.

बाबाही वाट पाहत होते. दर आठ-दहा दिवसांनी पेपर खाली ठेवून विचारायचे, "आला का तो तुमचा?" मी म्हणायची, यायचाय. ते म्हणायचे, "आला की मलेबी नेजो." बाबा सिनेमाला गेल्याचं मला आठवत नाही. टीव्हीवरसुद्धा ते बातम्या आणि मॅच सोडून काही बघत नाहीत. म्हणून मला त्या 'मलेबी नेजो'चं फार कौतुक वाटायचं.

शेवटी टीझर आला. मी वर्तुळाची स्पर्शिका शिकवत होते आणि टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता. सुट्टी होताच उघडला. अंधार, रूळ, निळा वेष, आणि मग मोठ्ठं करून दाखवलेलं पहिलं पाऊल. पाऊल उघडं होतं. हिरोच्या पायात काही नव्हतं.

ग्रुपमध्ये आग लागली होती. "जूते कहाँ हैं बे?" हा पहिला मेसेज, आणि पुढे त्याचीच आवर्तनं. पैसे वाचवले, अक्कल नाही, कुणी कॉमिक्स वाचलंच नाही, असं सगळं म्हणून झालं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या सिनेमाच्या चाहत्यांच्या मोठ्या पानावर धाड घातली. त्यात मी आघाडीवर. माझा स्वभाव आईवर गेलाय, आणि आई भाजीवाल्याशी भांडायला लागली की शेजारचे खुर्च्या काढून बसतात. मी लिहिलं की हिरोचे जोडे काढणं म्हणजे त्याचा प्राण काढणं आहे, आणि ज्यांनी मूळ अंक वाचलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही.

उत्तरं यायला लागली. देशभरातली पोरं विचारत होती, कसले जोडे? मग कुणीतरी जुन्या अंकाची पानं टाकली. पाय उघडे. दुसऱ्याने दुसऱ्या अंकाची टाकली. तेही उघडे. मी लिहिलं की ही पानं खोटी आहेत. त्यावर एका पोराने, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा असेल, हसण्याची चित्रं टाकून लिहिलं, "आंटी, भिलाई में कोई अलग धरती है क्या?"

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधून तणतणत घरी गेले. बाबा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा. याच्या पायात जोडे होते की नव्हते?"

बाबांनी चष्मा लावला. टीझर पाहिला. उघडं पाऊल आलं तिथे त्यांची मान जराशी पुढे गेली.

"अजूनबी बिनजोड्याचाच ठेवला का याले," ते म्हणाले.

"अजूनबी म्हणजे?"

त्यांनी फोन परत दिला आणि समोरच्या गेटाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तो पयल्यापासूनच तसा होता, पोरी. जोडे मी घातले त्याले."

"कुठे घातले?"

"कॉमिक्समंदी. पेनानं."

आतून आईचा आवाज आला. "अन् शाईचे खिसे मी धुतले. साऱ्या शर्टाचे."

मी खाली पायरीवर बसले. मला हसू आलं की राग, ते आता सांगता येत नाही. बाबा हळूहळू बोलत गेले, आणि मला पहिल्यांदा कळलं की काकांचा पाय मगरीनं खाल्ला नव्हता.

बाबांना प्लँटमध्ये काम मिळालं, काकांना मिळालं नाही. ते रसमड्याकडच्या एका लहानशा कारखान्यात लागले. तो आता राहिलेला नाही. तिथे लोखंड तापवायचे आणि माणसं चपला घालून काम करायची. एक दिवस तापलेला तुकडा घसरला आणि काकांच्या डाव्या पायावर आला. बरे झाल्यावर त्यांनी टपरी टाकली. आणि आमच्या हिरोचा पहिला अंक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा ऑफ होता.

"मी गेलो तं तो ते कॉमिक्स उघडून बसला होता," बाबा म्हणाले. "त्याच्यात तो हिरो आगीवरून चालते, बिनजोड्याचा. मले म्हणे, पाह्य भाऊ, याले काईच नाही होत. अन् हसला. मले ते हसनं नाही पाहवलं. खिशात पेन होता."

"आणि काकांनी काढू दिलं?"

"तोच म्हणे, दुसऱ्या पानावरबी काढ."

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी बाबा टपरीवर जायचे. दोघं मागच्या बाजूला बसायचे. काका पुठ्ठा शिवायचे आणि बाबा जिथे जिथे पाय दिसतील तिथे तिथे जोडे घालायचे. गुळगुळीत मुखपृष्ठावर पेन चालत नसे, म्हणून खाकी कागद. आम्हाला पान काळपट दिसायचं, पण छपाई अशीच असते असं आम्ही धरून चाललो होतो. दुर्ग स्टेशनवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी मी रेंगाळले की बाबा हात धरून पुढे न्यायचे, "भाड्यानं भेटते ना आपल्याले," म्हणत. सगळा सेक्टर मंगळवार संध्याकाळची वाट पाहायचा, कारण मंगळवारी माझ्या बापाला सुट्टी असायची.

"पोरं हेच वाचतीन," बाबा म्हणाले. "उद्या चपला घालून कामावर जातीन अन् म्हनतीन, हिरोले कुठं काई होते." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. "तुहा आजा गावात मोठ्या आळीतून जाय तं जोडे हातात घेऊन जाय. पायात असले तं शिव्या भेटत. ज्याच्या पायात कायमच जोडे हायेत, त्याले बिनजोड्याचा मानूस मोठा वाटते. ज्याले घालू नाही देल्ले त्याले इचारा."

ओसरीतून आतली भिंत दिसत होती. तिच्यावर, आमच्यासारख्या सगळ्यांच्या घरी असतो तो, साहेबांचा उभा फोटो आहे. कोट, टाय, हातात पुस्तक आणि पायात चकचकीत बूट. बाबा तो रोज सकाळी पुसतात. आयुष्यभर मी त्यातलं पुस्तक पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा बूट पाहिले.

मी फोटोकडेच पाहत राहिले तसे बाबा अस्वस्थ झाले. गेले दोन दिवस माझं फोनवरचं भांडण त्यांनी घरभर ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमचा हिरो मी खराब केला का?"

"नाही हो बाबा."

"तू माही पोरगी हायेस, तू नाहीच म्हनशीन. ते पोरं काय म्हनतीन? बुढ्यानं आमचं बचपन खोटं केलं."

मी त्यांना समजावायला गेले, पण ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी मी सिनेमाची तारीख सांगितली, तर म्हणाले, "तुमी जा. माहे गुडघे दुखतात." गुडघे त्यांचे दुखतातच, पण त्या गुडघ्यांनीच ते रोज सकाळी दुधाला जातात. पुढे त्यांनी 'आला का तो तुमचा' हे विचारणं सोडून दिलं. पेपर खाली ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे. मला ते सोसेना. इतकी वर्षं आम्ही पोरं या माणसाच्या हातच्या अंकाची वाट पाहत होतो, आणि आता त्याची वाट पाहणं आमच्यामुळे मोडलं होतं.

शेवटी मीच म्हटलं, "बाबा, मी ग्रुपवर सांगते. जे होईल ते होईल."

बाबा बराच वेळ शर्टाच्या खिशातल्या पेनाशी चाळा करत राहिले. रिटायर होऊनही त्यांच्या खिशात पेन असतोच. "सांग," ते म्हणाले. "पन त्याच्या पायाचं आधी सांग. माहं मंग."

मी तसंच लिहिलं. आधी काकांचा पाय, मग बाबांचा पेन. सगळं हिंदीत, कारण ग्रुपमध्ये बंगाली आहेत, तेलुगू आहेत, छत्तीसगढी आहेत, आणि मराठी आहेत तेही हिंदीतच भांडतात. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. आतल्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मॅच चालू होती आणि ते ती मुक्याने पाहत होते.

फोन वाजला नाही. जो ग्रुप एका जोड्यावरून दोन दिवस झोपला नव्हता, त्यात कुणी एक अक्षर लिहीना. आईने जेवायला वाढलं. बाबा अर्धी भाकर ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटापाशी मोटारसायकल थांबली. आमच्याच ओळीतला, माझ्याबरोबर गिरणीपुढे उभा राहून पांढरा होणारा पोरगा. आता त्याची रसमड्याला स्वतःची फॅब्रिकेशनची शेड आहे आणि पोट सुटलंय. तो आला, ओसरीवर बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि त्याने आधी पाणी मागितलं. बाबा ताठ बसले होते, प्लँटच्या साहेबांपुढे बसावं तसे.

"काका," तो म्हणाला, "मेरे शेड में चप्पल पहन के कोई नहीं घुसता. पहले दिन से. लड़के लोग पीछे मुझे जूता सेठ बोलते हैं."

बाबांची नजर त्याच्या पायांकडे गेली.

"लोग पूछते हैं, इतना क्यों चिल्लाते हो. मैं बोलता था, बचपन से आदत है, कहाँ से आई पता नहीं. कल बिटिया का मैसेज पढ़ा तो पता चला." त्याने ग्लास खाली ठेवला. मला चाळिशीत 'बिटिया' म्हटलेलं मी त्या दिवशी सोडून दिलं. "पिछले साल एक लड़के के पैर पर प्लेट गिरी, काका. जूता दब गया. पैर को कुछ नहीं हुआ. मैं रात भर उसका वो जूता देखता रहा."

बाबांनी मान खाली घातली. मग कामाच्या माणसाचा प्रश्न विचारला. "पहले दिन तो चप्पल में ही आते होंगे सब?"

"आते हैं. शाम को जूते में जाते हैं."

"फीता बाँधते हैं?"

"दो गाँठ," तो म्हणाला.

आई दारात उभी होती. ती पदराने डोळे पुसत आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "पोहे टाकते." मी फोन काढला. ग्रुप जागा झाला होता. रात्रभर गप्प का होते ते एकेकाने आपापल्या परीने लिहिलं होतं. कुणाला बाप आठवला होता, कुणाला टपरी. पुण्याला असलेल्या एकाने लिहिलं होतं, "मतलब हमारा वाला असली से अच्छा था." आणि ग्रुपचं नाव बदलून कुणीतरी 'सेक्टर एडिशन' ठेवलं होतं. त्या मोठ्या पानावर जाऊन मीही कबूल केलं, की तुम्ही दाखवलेली पानं खरी आहेत आणि भिलईत खरंच वेगळी धरती आहे. माफी मात्र मागितली नाही. आंटी म्हणणाऱ्याची तर नाहीच.

पोहे खाताना तो बाबांना म्हणाला, "तो पिक्चर चलोगे ना, काका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यालेबी न्या लागन," ते म्हणाले. "दुर्गहून."

आता सिनेमाबद्दल. सिनेमाबद्दल मी काही सांगणार नाही. तो लांब होता, आवाज फार होता, आणि मध्यंतरानंतर बाबा झोपले. मला सांगायचंय ते सिनेमाच्या आधीचं.

सकाळच्या शोला आम्ही सगळे थिएटरबाहेर जमलो. बाहेरगावाहूनही तिघं-चौघं आले होते. टक्कल, चष्मे, कडेवर लेकरं. मी दुर्गला जाऊन काकांना घेऊन आले. काका वाळून काडी झालेत, ऐकू कमी येतं. डाव्या पायातल्या बुटात पुढे चिंध्या भरतात. गाडीतून उतरल्यावर दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना "जय भीम" केला आणि एकमेकांचा दंड धरून उभे राहिले. पुष्कळ वर्षांनी भेटत होते.

आमच्या जूता सेठने दुर्गमध्ये फ्लेक्स छापून आणला होता. पुरुषभर उंच हिरो, निळा वेष, हात कमरेवर. खाली 'सेक्टर एडिशन की ओर से हार्दिक स्वागत'. थिएटरवाल्यांना विचारून तो दाराशेजारी उभा केला होता. मी जवळ गेले आणि पाहिलं तर पाय उघडे.

माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, "अरे, एवढा छापून आणला, तर जूते नहीं बनवा सकता था?"

"वो मेरा काम थोड़ी है," तो म्हणाला, आणि खिशातून जाड काळा मार्कर काढून त्याने बाबांपुढे धरला.

 बाबांनी मार्कर घेतला, टोपण काढलं. मग फ्लेक्सच्या खालच्या टोकाकडे पाहिलं. पाय पार जमिनीला टेकले होते. बाबांनी एक हात गुडघ्यावर ठेवला, थोडे वाकले आणि तिथेच थांबले. काका तर वाकूच शकत नव्हते. मला वाटलं, कुणीतरी खुर्ची आणेल, कुणीतरी फ्लेक्स वर उचलेल. तेवढ्यात बाबा सरळ झाले आणि त्यांनी मार्कर माझ्या हातात दिला.

"घे. तू घाल."

मी थिएटरच्या दारात, साडी सावरून, फरशीवर मांडी घालून बसले. माझे दोन विद्यार्थी तिकीट हातात घेऊन पाहत होते. पाहू दे म्हटलं. त्या क्षणी मला त्या दोघा म्हाताऱ्यांबद्दल जी माया वाटली ती कुणापासून लपवायची मला गरज वाटली नाही. कुणाच्या ना कुणाच्या हाताने आपलं लहानपण सांभाळलेलं असतं. माझ्या नशिबाने ते हात मला दिसले, आणि ते अजून माझ्या डोक्याशी उभे होते.

मी उजव्या पायापासून सुरुवात केली. वरून बाबा सांगत होते. "घोटा झाकू दे. पुढून गोल ठेव, बोटाईवर टोपी पायजे. हं. सोल जाड कर."

"सोल पातळ असतो ना त्याचा," मी म्हटलं.

सेक्टरचे सगळे हसले. बाबाही हसले, किती दिवसांनी. "कर जाड," ते म्हणाले. "आता काय लपवाचं."

उजवा जोडा झाला. मी सरकून दुसऱ्या पायापाशी आले. इतका वेळ काका बाबांच्या दंडाला धरून नुसते पाहत होते. ते आता थोडे पुढे झाले. चिंध्या भरलेला त्यांचा बूट माझ्या हाताशेजारी आला.

"डाव्याले नीट घाल, बाई," काका म्हणाले.

मी डाव्याला नीट घातला. फीत ओढून घेतली आणि दोन गाठी मारल्या.